रिठद ते पश्चिम विभाग : आंतरविद्यापीठ बास्केटबॉलची वाट

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत पहिलाच सामना हरलेल्या संघाचं वर्ष तिथेच संपतं. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मधली विश्रांती, दोन-चार टाइमआउट, म्हणजे तास-दीड तासात सगळं उरकतं. सकाळी एस.टी.तून उतरलेली पोरं संध्याकाळच्या गाडीत परत बसलेली असतात. पुढचं बोलावणं थेट पुढच्या वर्षी, तेही कॉलेजात नाव राहिलं आणि एखादा विषय मागे राहिला नाही तर.

गावातल्या खेळाडूंच्या स्मरणिकेत बास्केटबॉलचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील, आणि विचारणं रास्तच आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावात चुन्याची फक्की मारली की कबड्डीचं मैदान तयार होतं आणि दोन खांब रोवून जाळी बांधली की व्हॉलीबॉलचं. बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पक्का कोबा लागतो, ३.०५ मीटर उंचीवर रिंग लागते, फळा लागतो, आणि कोब्यावर टाकला की पुन्हा हाताशी येईल एवढी हवा असलेला चेंडू लागतो. रिसोड तालुक्यातल्या पोराची या खेळाशी गाठ पडते ती बहुधा कॉलेजात गेल्यावर. पण कॉलेजातून विद्यापीठ, विद्यापीठातून पश्चिम विभाग आणि तिथून अखिल भारतीय ही चढण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल या सगळ्याच खेळांना चढावी लागते. फरक इतकाच की कबड्डी आपण जगाला दिली आणि बास्केटबॉल जगाकडून घेतला. जे उसनं आणलं त्यात काय आलं आणि काय मागे राहिलं, हे चटकन दिसतं.

हा खेळ जन्मला तो एका हिवाळ्याच्या अडचणीतून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड इथे वाय.एम.सी.ए.ची व्यायामशिक्षक तयार करणारी शाळा होती. बर्फामुळे विद्यार्थ्यांना बाहेर खेळता येईना, तेव्हा डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि मुलांना आत खेळायला लावलं. चारच वर्षांनी त्याच राज्यात होलिओक इथल्या वाय.एम.सी.ए.त विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. आपल्या कॉलेजांच्या मैदानांवर रोज दिसणारे हे दोन खेळ असे एकाच संस्थेच्या अंगणातले आहेत. भारतातही ते त्याच संस्थेनं रुजवले. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळा-कॉलेजांत गेले आणि जाताना नियमांचं पुस्तकही घेऊन गेले. महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नेबरहुड हाउस उभारलं. त्या दाटीच्या मोहल्ल्यातल्या एका कोर्टावर पुढे भारताच्या संघात खेळणारी मुलं घडली. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर हे त्याच नागपाड्याचे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

आपल्या बाजूला मात्र व्यायामाची परंपरा आखाड्यातली होती. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जी संस्था उभी केली, तिला आज आपण श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणतो. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ती आजही नुसती 'हनुमान आखाडा' आहे. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, हुतूतू हे तिथलं रोजचं. क्रांतिकारक राजगुरूही तिथे येऊन व्यायामाचं शिक्षण घेऊन गेले. या मंडळाचा इतिहास आणि बास्केटबॉलचा इतिहास एकदाच, आणि तोही अगदी शेजारून, एकमेकांजवळून गेला. वऱ्हाडात ही गोष्ट अभिमानानं सांगतात, पण अर्धीच सांगतात.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्यानं कबड्डीसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली अर्धी गोष्ट अशी की त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी टोपल्या ठोकणारे नेस्मिथ स्वतः पाहुणे म्हणून हजर होते. सामने बंदिस्त सभागृहात नव्हते, टेनिसच्या उघड्या मातीच्या मैदानांवर होते. १४ ऑगस्टला अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला. मैदानाचा चिखल झाला, चेंडू आपटला तर उसळी घेईना, तेव्हा खेळाडू तो नुसता हातोहात फेकत राहिले. अमेरिका १९-८ नं जिंकली. आजकाल एका क्वार्टरमध्येच संघ त्याहून जास्त गुण करतात. त्या चिखलात वऱ्हाडातल्या पोरांना उभं केलं असतं तर निकाल काय लागला असता, हा विचार मनात येतोच. ओल्या मातीत पाय रोवायची सवय त्यांना नक्कीच जास्त होती.

कॉलेजांच्या स्पर्धांना देशपातळीवर शिस्त आली ती आंतरविद्यापीठ मंडळामुळे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचं १९७३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघ असं नामांतर झालं. विद्यापीठांच्या क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ च्या सुमारास सुरू झाली आणि तिच्या मागोमाग इतर खेळांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आल्या. १९५६-५७ पासून वर्षभरातल्या एकंदर कामगिरीवर सर्वोत्कृष्ट विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जाऊ लागला. त्या चषकावर पंजाबकडच्या विद्यापीठांची नावं इतक्या वेळा कोरली गेली आहेत की आपल्याकडे त्याची फारशी चर्चाही होत नाही. ती व्हायला हवी, पण चषक का मिळाला नाही याची नको. पंजाबातला खेळाडू वर्षाकाठी किती सामने खेळतो, याची व्हावी.

वऱ्हाडातल्या कॉलेजांचं त्या काळी काय चाललं होतं? नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आणि अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेजही त्याच वर्षीचं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कुणब्या-माळ्याच्या पोरांसाठी गावोगावी हायस्कुलं, मग कॉलेजं उभी राहू लागली. आंतरमहाविद्यालयीन खेळांच्या दृष्टीनं पाहिलं तर मैदानावरची गर्दी वाढवण्याचं श्रेय विद्यापीठापेक्षा या कॉलेजांना जास्त द्यावं लागेल. पण संघ होता नागपूर विद्यापीठाचा. नागपूर शहरात बास्केटबॉलचे क्लब होते, कोर्टं होती, संध्याकाळी दिव्याखाली सराव चाले. वाशीमच्या किंवा खामगावच्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघातल्या बारा जणांत शिरायचं म्हणजे त्या शहरी मुलांना मागे टाकून शिरायचं. ते सोपं नव्हतं.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे तेव्हाचे चार जिल्हे त्याच्याकडे आले. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि जिल्हे पाच झाले. २००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगे बाबांचं नाव मिळालं. वेगळं विद्यापीठ झाल्याचा शैक्षणिक फायदा किती झाला हे इतरांनी सांगावं, खेळाडूंना झालेला फायदा मात्र सरळ होता: बारा जागा नव्यानं निर्माण झाल्या. तशाच इतर खेळांतही झाल्या, मुलांच्या आणि मुलींच्याही. जी जागा नागपूरच्या मैदानावर जिंकावी लागत होती, ती अमरावतीत आपापसांत वाटायला मिळाली. आणि अमरावतीत तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय होतंच. तिथली मुलं रोज पहाटे मैदानावर असतात आणि खेळ हाच त्यांचा अभ्यासक्रम. तालुक्याच्या कॉलेजची पोरं त्यांच्यासमोर उभी राहिली की पहिल्या पाच मिनिटांतच फरक कळतो. तो अंगच्या गुणातला नसतो, सरावाच्या तासांतला असतो.

हे सगळं चालतं कसं, ते एकदा लिहून ठेवलेलं बरं, कारण मुलांना ते कुणी सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजं रुळावर आली की विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाचं परिपत्रक निघतं: कोणत्या खेळाची स्पर्धा कुठल्या कॉलेजकडे, कधी आणि प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख कोणती. शारीरिक शिक्षण संचालक, ज्यांना पोरं 'स्पोर्ट्सचे सर' म्हणतात, ते संघ जमवतात. प्रवेशिकेवर खेळाडूचा फोटो चिकटतो, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका जोडतात, खाली सरांची सही आणि प्राचार्यांचा शिक्का. या एका कागदामुळे घरी परतलेली पोरं प्रत्येक पिढीत सापडतात. गुणपत्रिकेवर जन्मतारीख एक, कॉलेजच्या दाखल्यावर दुसरी, आणि दोन्ही कागद टेबलावर आले की स्पर्धेचे सचिव नाइलाजानं नाव खोडतात. मग स्पर्धा, बाद पद्धतीनं. तीन-चार सामने जिंकणारा संघ विजेता होतो, पण निवड समिती सगळ्याच सामन्यांवर नजर ठेवून असते. हरलेल्या संघातलाही चांगला खेळाडू संभाव्य यादीत येऊ शकतो. त्या यादीचं प्रशिक्षण शिबिर भरतं आणि शेवटी बारा नावं उरतात.

ही बारा नावं म्हणजे 'कलर होल्डर'. विद्यापीठाचं बोधचिन्ह खिशावर असलेला ब्लेझर, म्हणजे पोरांच्या भाषेत कलर कोट, ज्याच्या अंगावर चढतो त्याच्याकडे कॉलेजात वेगळ्या नजरेनं पाहतात. लग्नाच्या बोलणीत तो कोट घातलेला फोटो पुढे केल्याची उदाहरणं आपल्या भागात कमी नसावीत. परीक्षेत खेळाडूंना नियमानुसार प्रोत्साहन गुण मिळतात, आणि सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण असल्यानं प्रमाणपत्रांच्या फायली जपून ठेवल्या जातात. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं हे शासन निर्णयात पाहावं लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. ते काम खेळण्याइतकंच दमवतं.

विद्यापीठाचा संघ मग पश्चिम विभागात जातो. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठं या विभागात येतात. विभागाचं यजमानपद दरवर्षी वेगळ्या विद्यापीठाकडे. संघ इतके असतात की सकाळी सातला सुरू झालेले सामने रात्री दिव्याखाली संपतात. रेल्वेनं रात्रभर प्रवास करून पोचलेला संघ दुसऱ्या सकाळी साडेसातला कोर्टावर उतरतो, आणि तिथेही बाद पद्धतच. शेवटचे चार उरेपर्यंत हरला तो घरी. पण चार उरले की पद्धत बदलते. हे चार संघ साखळीत एकमेकांशी खेळतात, प्रत्येकाला तीन सामने मिळतात आणि हे चौघेच अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. म्हणजे आपल्या व्यवस्थेत हरल्यावरही पुन्हा खेळायची मुभा आहे, पण ती विभागातल्या सगळ्यांत बलाढ्य चार संघांनाच. ज्यांना सामन्यांची सगळ्यांत जास्त गरज, त्यांना एकच.

ज्या देशातून खेळ आला तिथे कॉलेजांचं गणित उलट आहे. अमेरिकेत शेजारपाजारची आठ-दहा किंवा अधिक विद्यापीठं मिळून एक गट करतात, त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक संघ तीसेक सामने खेळतो, त्यातले निम्म्याहून अधिक गटातल्याच संघांशी, काही आपल्या घरी आणि काही त्यांच्या घरी. हंगाम संपला की मार्चमध्ये गटाची स्पर्धा होते, चार-पाच दिवसांची, बाद पद्धतीची. जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, आज मुख्य स्पर्धेत ६८ संघ असतात. महिलांची १९८२ पासून. पूर्वी अमेरिकेतही दार अरुंदच होतं. १९७४ मध्ये अटलांटिक कोस्ट गटाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटनं मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० नं हरवलं. मेरीलँड देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी होता, पण गटातून एकच संघ पुढे जाणार म्हणून तो घरी बसला, आणि ज्यानं हरवलं तो राष्ट्रविजेता झाला. एवढा चांगला संघ बाहेर राहतो हे लोकांना खटकलं, आणि १९७५ पासून स्पर्धा ३२ संघांची करून एका गटातले एकाहून अधिक संघ घ्यायची सोय झाली. नियम चुकत असेल तर तो बदलायचा, एवढाच त्यातला धडा, आणि तो त्यांनी एका वर्षात घेतला.

लहान विद्यापीठांसाठी मात्र ती मार्चची स्पर्धाच एकमेव दार राहिली. २०१८ मध्ये बाल्टिमोर काउंटीच्या मेरीलँड विद्यापीठानं आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात व्हरमाँटला त्यांच्याच मैदानावर ६५-६२ नं हरवलं. जायरस लाइल्सनं शेवटच्या सेकंदात लांबून टाकलेल्या तीन गुणांवर. सहा दिवसांनी त्याच संघानं देशात पहिल्या क्रमांकाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघानं पहिल्या मानांकनाच्या संघाला हरवण्याची ती पहिली वेळ. आपल्याकडे ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. त्या पोरांनी त्याआधी हंगामात तीसच्या वर सामने खेळले होते, हे सांगायचं राहून जातं.

इथे मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. आपल्याकडे स्पर्धा आहे, हंगाम नाही. हंगामाच्या शेवटी यायची ती स्पर्धा आपण हंगामाशिवायच भरवतो. निवड होते, सन्मान होतो, कोट मिळतो, पण खेळाडू घडायला जे रिकामे, बिनमहत्त्वाचे, हरले तरी चालतील असे सामने लागतात, ते मिळत नाहीत. नव्या स्पर्धांनी हे भरून निघालं नाही. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं होणारा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना समोरासमोर आणतो, हे चांगलं. फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिले खेलो इंडिया विद्यापीठ खेळ झाले, पुढे बेंगळुरू, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत अशा ठिकाणी होत राहिले, आणि मुलांना टी.व्ही.वर दिसायची संधी मिळाली. पण या सगळ्या पायऱ्या वरच्या आहेत. वरून पायऱ्या वाढवल्या की खालचा पोरगा वर येत नाही, वरचाच अजून वर जातो.

मुलींची अडचण आणखी एक आहे आणि ती मैदानाबाहेरची. सराव संध्याकाळी, आणि गावी जाणारी गाडी त्याच वेळी. संध्याकाळची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं, तिचं नाव आपण आदरानं घेतो. पण पुण्याच्या कोर्टावरून मुलीला घरी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपल्याकडची मुलगी थांब्यावर उभी असते. ज्या कॉलेजांनी मुलींचा सराव सकाळी पहिल्या तासिकेच्या आधी ठेवून पाहिला, तिथे संघ पूर्ण भरतो असं अनेक सरांचं म्हणणं आहे.

आता हिशोबाची गोष्ट. वाशीम जिल्ह्यात तालुके सहा: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा. प्रत्येक तालुक्यातून एक संघ धरला, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे सामना खेळला, तर एका संघाचे दहा सामने होतात आणि जिल्ह्याचे एकूण तीस. अमरावतीला जाऊन एका सामन्यात घरी येणाऱ्या पोराला दहा सामने, आणि तेही जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता. प्रत्येक संघाचा शनिवारी एक सामना धरला तर दहा आठवडे लागतात. विद्यापीठाची स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली तर जुलैलाच सुरुवात करावी लागेल. तेव्हा सोयाबीनच्या डवरणीचे दिवस असतात आणि शेतकऱ्याच्या पोराला शनिवारीही घरचं काम असतं, त्यामुळे सामने दुपारी चारनंतर ठेवावे लागतील. पावसात उघड्या कोब्यावर पाय घसरतात, म्हणून दोन-तीन शनिवार राखून ठेवावे. चेंडू रिंगकडे टाकायची मुदत मोजणारं चोवीस सेकंदांचं घड्याळ नसेल तिथे काठाला उभं राहून हातात स्टॉपवॉच धरून मोठ्यानं आकडे म्हणणारा एक जण चालतो, आजवर चालतच आला आहे. पंचांची सोय अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकून आपल्या जिल्ह्यात नोकरीला लागलेल्यांतून होऊ शकते. खर्च म्हणजे सहा संघांचं एस.टी.चं भाडं, चेंडू आणि पंचांचा चहा-नाश्ता. कबड्डीसाठीही हेच वेळापत्रक जसंच्या तसं वापरता येईल, आणि तिथे रिठदच्या पोरांना कोब्याचीही वाट पाहावी लागणार नाही.